पांघरूण, सुरी आणि रात्र : ‘मॅकबेथ’मधल्या काळोखाची पार्श्वभूमी

मराठीत शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’ बसवायला घेतलं की तालमीच्या पहिल्या आठवड्यातच प्रकाशाचा विषय निघतो. रंगमंच किती काळा ठेवायचा? मॅकबेथ राजा डंकनचा खून करतो तो मध्यरात्रीनंतर, त्याचा सोबती बँकोवरचा हल्ला दिवेलागणीला, मेजवानीत बँकोचं भूत येतं ते रात्री, मॅकबेथची बायको झोपेत चालते तीही रात्री. तेव्हा अंधार हवाच, हे सगळे गृहीत धरतात. तो अंधार या नाटकात आला कुठून आणि डोळ्यांसाठी आला की कानांसाठी, हे मात्र क्वचितच विचारलं जातं.

खऱ्या इतिहासात तो नाही. खरा डंकन १०४० साली लढाईत पडला आणि खऱ्या मॅकबेथने त्यानंतर १७ वर्षं राज्य केलं. मुक्कामाला आलेल्या राजाला रात्री झोपेत मारण्याची हकिकत शेक्सपिअरने ज्या बखरीतून, हॉलिनशेडच्या इतिहासातून, कथा घेतली तिच्यातल्या दुसऱ्या राजाची, दहाव्या शतकातल्या डफची. त्याच्या किल्लेदाराने बायकोच्या चिथावणीवरून त्याला मारवलं, आणि मग सहा महिने स्कॉटलंडात दिवसा सूर्य दिसला नाही की रात्री चंद्र दिसला नाही, असं बखरकार लिहितो. या बखरीची १५८७ सालची आवृत्ती शेक्सपिअरच्या हाताशी होती. त्याने दोन राजांचा एक राजा केला आणि सहा महिन्यांचा काळोख एका सकाळीत आणून ठेवला: घड्याळात दिवस उजाडलाय, पण रात्रीने वाटेवरच्या दिव्याचा गळा आवळलाय. नाटक साधारण १६०६चं. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्लंडने सूर्यग्रहण पाहिलं होतं, आणि पुढच्याच महिन्यात, ४ तारखेची रात्र उलटून ५ नोव्हेंबर लागत असताना, लंडनच्या संसदेखालच्या तळघरात तोफेच्या दारूच्या पिंपांपाशी एक माणूस पकडला गेला होता. (५ नोव्हेंबर हा आपला मराठी रंगभूमी दिन. निव्वळ योगायोग, पण दर वर्षी मला तो तळघरातला माणूस आठवतो.) राजाच्या खुनाचा कट आणि रात्र या दोन गोष्टी त्या प्रेक्षकाच्या मनात आधीच एकत्र होत्या.

तो प्रेक्षक मात्र हे नाटक भर दुपारी पाहत होता. १६११च्या एप्रिलमध्ये एका ज्योतिषी-वैद्याने लंडनच्या ‘ग्लोब’ नाट्यगृहात हा खेळ पाहून टिपण लिहून ठेवलंय. वर उघडं आभाळ, एप्रिलचं ऊन, समोर नट सांगतोय की चंद्र मावळला. मागोमाग मुलगा मशाल घेऊन आला की ती रात्र. दिवा आणला म्हणजे अंधार झाला, असा तो संकेत. रात्रीचा बाकी सगळा भार शब्दांवर.

आणि हे शब्द वर्णनाचे नाहीत, मागण्याचे आहेत. माझ्या मते या नाटकातल्या काळोखाचं मर्म इथेच आहे. मॅकबेथ ताऱ्यांना सांगतो, तुमचे अंगार लपवा. त्याची बायको दाट रात्रीला बोलावते. पुढे तो पुन्हा रात्रीला हाक मारतो, यावेळी शिकारखान्यातल्या शब्दाने: नव्याने पकडलेल्या ससाण्याला माणसाळवताना त्याच्या पापण्या दोऱ्याने शिवत, तशी तू दिवसाचा कोवळा डोळा शिवून टाक. रात्र आपोआप पडत नाही, हे दोघं तिला आवतण देतात. शेवटच्या अंकात तीच बाई झोपेत चालताना हातात दिवा घेऊन येते, आणि दासी वैद्याला सांगते की दिवा सतत जवळ हवा, अशी त्यांची आज्ञाच आहे.

आता त्या दाट रात्रीच्या भाषणातला एक शब्द. बाई म्हणते: रात्री, ये, नरकातला धूर अंगाला लपेटून ये, म्हणजे माझ्या धारदार सुरीला तिनेच केलेली जखम दिसणार नाही आणि आभाळाला काळोखाच्या ब्लँकेटमधून डोकावून ‘थांब, थांब’ म्हणता येणार नाही. या ब्लँकेटवरून अडीचशे वर्षांहून जास्त काळ भांडण चालू आहे. १७५१ साली इंग्रजीतल्या एका थोर कोशकाराने आपल्या नियतकालिकात लिहिलं की पापाला शासन करणारी दैवी शक्ती ब्लँकेटमधून डोकावतेय, हे वाचून हसू आवरत नाही. सुरीही त्याला खटकली. ती खाटकाच्या आणि आचाऱ्याच्या हातातली वस्तू, शोकांतिकेत तिचं काय काम? पुढे एका मोठ्या कवी-समीक्षकाला वाटलं की हा मुद्रणदोष असावा; त्याने छापलेल्या अक्षरांशी जुळणारा, रित्या उंचीचा अर्थ देणारा ‘ब्लँक हाइट’ हा पाठ सुचवला. आणखी काहींनी त्या काळी शोकांतिकेच्या दिवशी रंगमंचावर काळं कापड टांगत, त्याच्याकडे बोट दाखवलं. हे स्पष्टीकरण मला पटण्याजोगं वाटतं, पण तेवढ्याने भागत नाही.

कारण १७५१च्या त्या लेखात एक ढळढळीत चूक आहे. लेखकाने हे भाषण मॅकबेथच्या तोंडी घातलंय. योद्ध्याच्या तोंडी ब्लँकेट आणि सुरी विजोड वाटणारच. ते आहे घरच्या बाईच्या तोंडी. थोड्याच वेळापूर्वी तिला निरोप मिळालाय की आज राजा मुक्कामाला येतोय. घरात पाहुणा येणार म्हटल्यावर अंथरूण-पांघरूण काढायचं, स्वयंपाकघर जागं करायचं. ती याच वस्तूंमधून विचार करते, आणि त्याच वस्तूंनी खून मागते. शेक्सपिअरने ब्लँकेट इतरत्र वापरलं तेही असंच, राजवैभव उतरल्यावर: ‘हॅम्लेट’मधली जळत्या नगरातून पळणारी राणी घाईत ब्लँकेट गुंडाळते, ‘लिअर’मधला परागंदा मुलगा कमरेला तेच बांधतो. हा शब्द हलका आहे खरा, आणि तो हलका आहे म्हणूनच तिथे हवा.

मराठीत हा पेच आणखी वाढतो. घोंगडी म्हणावं तर विठोबाची काळी घोंगडी आणि धनगराचा खांदा आठवतो; शिवाय घोंगडं भिजत पडलं की प्रेक्षक हसलाच. गोधडीत आजीची ऊब. चादर म्हटली की हिंदी गाण्यातली रात्र. पडदा हा शब्द सोयीचा आणि बराच वापरला जाणारा, पण पडद्याला अंगाचा स्पर्श नाही. मला विचाराल तर ‘पांघरूण’. आपल्याकडे पांघरूण घालणं म्हणजे एखाद्याचं पाप झाकणं. घरातली वस्तू, अंगावर घ्यायची, आणि भाषेने तिला आधीच गुन्ह्यात सामील करून घेतलेलं. इंग्रजीत जे पुसट आहे ते इथे आयतं उघडं होतं. आणि सुरीला सुरीच ठेवावी. खंजीर किंवा कट्यार केलं की बाईच्या हातून स्वयंपाकघर निसटतं आणि ऐतिहासिक नाटक सुरू होतं.

असंच अंधार आणि काळोखाचं. मुंबईत, कोकणी घरांत तर सर्रास, काळोख म्हणतात, घाटावर अंधार. अनुवादात हे दोन शब्द एकाच अर्थाचे धरून छंदासाठी अदलाबदल केले जातात. पण काळोखात काळा रंग आहे आणि अंधारात आंधळेपणा. ससाण्याच्या पापण्या शिवणारी रात्र अंधाराची, नरकाच्या धुराची रात्र काळोखाची. तसाच बँकोच्या खुनाआधीचा संध्याकाळचा उद्गार: ‘उजेड दाटतोय.’ मराठी जीभ लगेच ‘अंधार दाटतोय’ म्हणते, कारण आपल्याकडे दाटतो तो अंधारच. मूळ वाक्यात उजेडच सायीसारखा घट्ट होतोय, त्यातलं विपरीतपण मग निघून जातं.

मराठीतला पहिला ठळक टप्पा ‘मानाजीराव’, हे ‘मॅकबेथ’चं रूपांतर, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातलं. ‘विकारविलसित’ (‘हॅम्लेट’, १८८३) आणि ‘झुंजारराव’ (‘ऑथेल्लो’, १८९०) यांच्या पाठोपाठचा तो काळ. नावं देशी, स्त्रीभूमिका पुरुषांकडे. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ पासून होते, पण दौऱ्यावरच्या नाटक मंडळीकडे बत्त्यांचा उजेड जेमतेम तोंडं दिसण्यापुरता, आणि रात्री सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चाललेला. रात्र रंगमंचावर आणावी लागतच नव्हती, ती मांडवाबाहेर उभी होती.

१९५४च्या ‘राजमुकुट’ या ‘मॅकबेथ’च्या भाषांतराने चित्र बदललं. गिरगावातल्या साहित्यसंस्थेचा प्रयोग, ब्रिटिश दिग्दर्शक, नाशिकच्या कवी-नाटककाराचं भाषांतर, आणि लेडी मॅकबेथ करायला सिनेमात नाव कमावलेली अभिनेत्री. ते घरगुती शब्द मुंबईच्या रंगमंचावर बाईच्या आवाजात येणं ही माझ्या लेखी फार मोठी घटना आहे. पण शीर्षकाने जोर मुकुटावर दिला. तेव्हापासून मराठीत हे नाटक महत्त्वाकांक्षेचं म्हणून शिकवलं, पाहिलं गेलं आणि रात्र मागच्या पडद्यावर गेली. पुढे तो पडदाही प्रकाशयोजनेच्या ताब्यात गेला. डिमर आले, स्पॉट आले, आणि नाटकातली रात्र म्हणजे निळा झोत हे ठरून गेलं. डंकनच्या खुनाच्या रात्री बँको आणि त्याचा मुलगा बोलतात ते ऐका: चंद्र मावळलाय, आभाळानेही काटकसर करून आपल्या मेणबत्त्या विझवल्यात. आणि हे बोलणाऱ्यांच्या अंगावर लख्ख निळं चांदणं! दोहोंतलं एक खोटं ठरतं, आणि काटछाटीत दर वेळी वाक्यच जातं.

‘मकबूल’ या हिंदी सिनेमाने (२००३) ही कथा मुंबईच्या टोळ्यांत आणली तेव्हा त्यालाही हा प्रश्न पडलाच असणार, कारण या शहरात काळोख उरलेला नाही. शेवटची लोकल गेल्यावरही फलाटावर उजेड असतो. सिनेमा सुरू होतो तो काळोखाने नाही, ओलाव्याने: गाडीच्या धुकट काचेवर पोलीस बोटाने शहराची कुंडली मांडतो आणि त्या काचेवर रक्त उडतं. न दिसण्याचं काम इथे पाऊस आणि वाफ करतात. मला तो इलाज शेक्सपिअरच्या जास्त जवळचा वाटतो, कारण तोही हाताशी असलेल्या हवामानातून काढलेला आहे.

नाट्यगृहात आता खऱ्या ज्योतीला सहसा परवानगी मिळत नाही. झोपेत चालणारी लेडी मॅकबेथ बॅटरीची मेणबत्ती घेऊन येते. आपल्या बायका तिन्हीसांजेला तुळशीपाशी निरांजन नेताना तळहाताचा आडोसा धरतात, तसा हात नटीही धरते. पण ज्योत चालण्याने मागे लवत नाही, श्वासाने थरथरत नाही, त्यामुळे तो हात कशापासून काय जपतोय हे कळत नाही. तिथे साधी वातीची चिमणी काचेसकट मिळवता आली तर त्यासाठी भांडावं.

आणि एक भांडण बँकोच्या खुनासाठी. माझा आग्रह असा की तोवर रंगमंच उजळ ठेवावा, ग्लोबच्या दुपारीसारखा. मारेकरी उभे, बाप आणि मुलगा मशाल घेऊन येतात, झटापट होते आणि मशाल जाते. तेव्हा, त्या एकाच वेळी, खरा अंधार करावा. काळोखात तिसरा मारेकरी विचारतो, ‘दिवा कुणी विझवला?’ मालवला नव्हे, विझवला. आपण घरचा दिवा मालवतो. पहिला गोंधळून म्हणतो, ‘तसंच करायचं होतं ना?’ दोन अंक मागून मागून आणलेली रात्र अखेर हजर झालेली असते, आणि तिच्यातूनच बँकोचा मुलगा त्यांच्या हातून निसटतो.