ट्रायकोमोनासमध्ये जीन वाचायला सुरुवात कुठून होते

ट्रायकोमोनास व्हजायनॅलिस हा एकपेशी परजीवी, बायकांच्या योनीमार्गात आणि पुरुषांच्या मूत्रनलिकेत राहणारा. सलाईनच्या थेंबात ताजी स्लाइड लावली की नासपतीसारखा जीव झटके देत पळताना दिसतो, पुढे चार शेपट्या आणि पाचवी मागे वळून अंगाला चिकटलेली. लॅबवाल्यांचं काम तिथे संपतं, पण याच्या पेशीत जीनची कॉपी काढणं म्हणजे ट्रान्सक्रिप्शन कसं सुरू होतं ते खरं सांगायचं तर जास्त मजेशीर आहे.

आपल्या पेशीत ही कॉपी (आरएनए) काढणारं मशीन म्हणजे आरएनए पॉलिमरेज २, त्याला जीनची सुरुवात स्वतःहून सापडत नाही, दाखवायला फॅक्टर्सचा म्हणजे मदतनीस प्रोटीन्सचा अख्खा ताफा लागतो. काही जीन्सना सुरुवातीच्या २५-३० अक्षरं (डीएनएची ए, टी, जी, सी) आधी टाटा बॉक्स नावाचा खुणेचा तुकडा असतो, काहींना नेमक्या सुरुवातीवरच इनिशिएटर नावाचा तुकडा असतो, बऱ्याच जीन्सना दोन्ही नसतं.

ट्रायकोमोनासमध्ये टाटा बॉक्सचं काही चालत नाही, तिथे मुख्य भिस्त इनिशिएटरवर. पाचच अक्षरं: टी, सी, ए, मग सी किंवा टी, मग टी किंवा ए. आरएनए त्या 'ए' पासून सुरू होतो, आणि प्रोटीनचा कोड सुरू करणारा एटीजी तिथून बहुतेकदा २० अक्षरांच्या आतच येतो, म्हणजे मधे जागाच नाही म्हणा ना. २००७ मध्ये त्याचा जिनोम, म्हणजे सगळा डीएनए वाचून आला तेव्हा सुमारे ६०,००० जीन्स मोजले गेले आणि तपासलेल्यांपैकी साधारण पाऊण जीन्सना हा तुकडा होता. आता साधा हिशोब करा, चारही अक्षरं सारखी धरली तर असा तुकडा दर २५६ अक्षरांत एकदा उगाचच भेटेल, त्यामुळे नुसती पाच अक्षरं बघून भागत नसणार, आजूबाजूचं काहीतरी मोजलं जात असणारच.

ही अक्षरं वाचतं आयबीपी३९ नावाचं प्रोटीन, ३९ म्हणजे त्याचं किलोडाल्टनमधलं वजन. पॅट्रिशिया जॉन्सन यांच्या लॉस एंजेलिसच्या ग्रुपचं हे काम, रचना २००३ मध्ये छापून आली. एका टोकाने ते डीएनए धरतं, दुसऱ्या टोकाने पॉलिमरेजच्या शेपटीला (त्या प्रोटीनच्या लोंबत्या टोकाला) पकडतं, म्हणजे जागा दाखवणाराही तोच आणि मशीन ओढून आणणाराही तोच. शेपटीही वेगळीच, इतरांकडे असते ती सात अमिनो ॲसिडची पुन्हा पुन्हा येणारी माळ इथे नाही. अमानिटा मशरूमच्या विषाने, अल्फा-अमॅनिटिनने, आपलं पॉलिमरेज २ बंद पडतं, याच्यावर मात्र त्याचा परिणाम होत नाही, हे १९९६ मध्येच दिसलं होतं.

आधी ट्रायकोमोनासला 'आदिम' युकॅरिओट (पेशीत केंद्रक असलेला जीव) म्हणायचे, कारण जुन्या वंशवृक्षात तो पार मुळाशी दिसायचा. नंतर लक्षात आलं की परजीवींचे जीन्स भराभर बदलतात आणि त्यामुळेही ते खोटे खोटे मुळाशी जाऊन बसतात, तेव्हा तो शब्द जपूनच वापरावा. प्राण्यांचा इनिशिएटर दिसायला याच्यासारखाच आहे, पण तिथे तो वाचतो टीएफटूडी नावाचा भलामोठा कॉम्प्लेक्स, आयबीपी३९ नाही.