निकोटीनची तलफ

तंबाखूतील निकोटीन मेंदूतील चेतापेशींच्या कामात बदल घडवते आणि त्या बदलांमुळे तंबाखू पुन्हा घेण्याची जी अनावर ओढ लागते, तिला तलफ म्हणतात. विडी, सिगारेट, चुना लावून मळलेली तंबाखू, गुटखा, मिश्री, तपकीर यांपैकी कोणत्याही वाटेने निकोटीन शरीरात गेले, तरी या ओढीचे मूळ एकच असते.

निकोटीन तंबाखूच्या झाडाच्या मुळांत तयार होते आणि पानांत साठते. ते १८२८ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पोसेल्ट आणि रायमान या संशोधकांनी शुद्ध रूपात वेगळे केले. पेशीवर विशिष्ट रसायन ओळखणारा एक भाग असतो, ही आजच्या औषधशास्त्राचा पाया ठरलेली कल्पना केंब्रिज येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ लँग्ली यांनी १९०५ मध्ये मांडली, तीदेखील मुख्यतः निकोटीन आणि क्युरारे (बाणांना लावले जाणारे एक वनस्पतिजन्य विष) यांच्या प्रयोगांतून. या भागाला आता ग्राही म्हणतात.

निकोटीन किती वेगाने मेंदूत पोहोचते, यावर व्यसनाची पकड बरीच अवलंबून असते. धुरातून ते फुप्फुसांत आणि तेथून साधारण १० ते २० सेकंदांत मेंदूत जाते. तोंडात धरलेल्या तंबाखूतून ते सावकाश रक्तात उतरते, परंतु अधिक काळ टिकून राहते. तळहातावर चिमूटभर तंबाखू घेऊन नखाने चुना लावायचा, अंगठ्याने मळायची, थापटून भुकटी उडवायची आणि बार ओठाखाली दाबायचा, या रोजच्या क्रियेत रसायनशास्त्र दडलेले आहे: चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होते आणि त्या स्थितीतील निकोटीन तोंडाच्या नाजूक त्वचेतून चटकन शोषले जाते.

मेंदूत असेटिलकोलीन नावाचे नैसर्गिक संदेशवाहक रसायन असते. निकोटीन त्याच्याच ग्राहींना जाऊन चिकटते. त्यांतील अल्फा-४ बीटा-२ प्रकारचे ग्राही व्यसनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहेत. ग्राही उघडला की विद्युतभारित कण पेशीत शिरतात, मध्यमेंदूतील चेतापेशी उद्दीपित होतात आणि न्यूक्लियस अ‍ॅकम्बन्स या भागात डोपामीन स्रवते. डोपामीनला केवळ सुखाचे रसायन म्हणणे अपुरे आहे. ‘हे महत्त्वाचे आहे, लक्षात ठेव, पुन्हा कर’ अशी खूण ते मेंदूत उमटवते, आणि अन्नपाण्यासाठी असलेली ही खूण निकोटीन दिवसातून वीस-वीस वेळा उमटवून घेते.

सतत निकोटीन मिळाल्यावर ग्राही काही काळ बधिर होतात आणि मेंदू त्यांची संख्या वाढवतो. रक्तातील निकोटीन साधारण दोन तासांत निम्मे होते, त्यामुळे रात्रीच्या झोपेत ते बरेच ओसरते. बधिर ग्राही पुन्हा सजग होतात आणि सकाळी रिकाम्या ग्राहींची संख्या नेहमीपेक्षा कितीतरी अधिक असते. चिडचिड, बेचैनी, एकाग्रता न होणे आणि उदासी ही लक्षणे त्यातूनच येतात. म्हणून ‘उठल्यावर किती वेळात पहिली विडी लागते?’ हा प्रश्न व्यसनाची तीव्रता मोजताना आवर्जून विचारला जातो. मिश्री लावल्याशिवाय कामाला हात लागत नाही, असे बाया सांगतात, किंवा तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही, अशी पुरुषांची तक्रार असते. ती सबब नसते, कारण निकोटीन आतड्यांनाही चालना देते आणि ते तुटल्यावर बद्धकोष्ठ होतो. तंबाखूने डोके शांत झाल्यासारखे वाटते, त्यातही मोठा वाटा आधीच्या तंबाखूने मागे ठेवलेली बेचैनी मिटण्याचा असतो. अशा माणसाला ‘मनाचा कच्चा’ म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे.

तलफेचा दुसरा भाग स्मृतीत असतो. चहाचा कप, जेवणानंतरची वेळ, सोबत्याने पुढे केलेली चंची किंवा पुडी फाडल्याचा आवाज यांच्याशी निकोटीन इतक्यांदा जोडले गेलेले असते की, तेवढ्या खुणेनेही ओढ जागी होते, आणि सोडून वर्षे झालेल्या माणसालाही ती कधीतरी गाठते. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मेंदूच्या इन्सुला या भागाला इजा झालेल्या काही धूम्रपान करणाऱ्यांची ओढ एकदम नाहीशी झाल्याचे आढळले. शरीरातील आतल्या जाणिवा या भागात नोंदल्या जातात. किशोरवयात मेंदूची घडण चालू असल्याने त्या वयात लागलेली सवय अधिक घट्ट बसते.

सोडल्यानंतरचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो आणि बहुतेकांत तीन-चार आठवड्यांत ओसरतो. वाढलेले ग्राहीही काही आठवड्यांत पूर्ववत होऊ लागतात. तलफेची एकेक लाट सहसा काही मिनिटांचीच असते. व्हॅरेनिक्लिन हे औषध त्याच ग्राहींना अर्धवट उद्दीपित करते, त्यामुळे बेचैनी कमी होते आणि वरून तंबाखू घेतली तरी तिचा असर फारसा जाणवत नाही. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे लागते. भारतात १८००-११-२३५६ या विनामूल्य राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशन मिळते. निकोटीनचा पट्टा आणि च्युइंगम ही साधने निकोटीन हळूहळू पुरवतात. हे च्युइंगम साध्यासारखे सतत चघळायचे नसते: चार-दोनदा चावून जीभ चुरचुरली की ते गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवायचे आणि त्याआधी पंधरा मिनिटे चहा-कॉफी टाळायची, कारण आम्लधर्मी पेयामुळे तोंडातून होणारे निकोटीनचे शोषण घटते.