तबेल्यातले हुद्दे, दरबारातले मानकरी

‘कॉन्स्टेबल’ म्हटलं की आपल्याला नाक्यावरचा हवालदार आठवतो. बाराव्या शतकातल्या अँटिओकमध्ये (आजच्या तुर्कस्तानातलं शहर आणि त्याभोवतीचं राज्य) मात्र प्रिन्सच्या, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याच्या, खालोखाल फौजेवर हुकूम चाले तो कॉन्स्टेबलचा. शब्दाचा मूळ अर्थ तबेल्याचा प्रमुख. मार्शल म्हणजे घोड्यांचा चाकर, सेनेशल म्हणजे जुनाजाणता नोकर, बटलर म्हणजे मद्याच्या बाटल्या राखणारा. १०९८ मध्ये अँटिओक घेणाऱ्या क्रुसेडरांनी (युरोपातून धर्मयुद्धाला आलेल्या ख्रिस्ती योद्ध्यांनी) पश्चिम युरोपातल्या राजवाड्यांतले हे हुद्दे सोबत आणले आणि त्यांवर राज्य चालवलं.

या मानकऱ्यांची कामं सर्वांत तपशिलात कळतात ती शेजारच्या जेरुसलेम राज्याबद्दल. याफाचा काउंट जॉन ऑफ इबेलिन याने १२६०च्या दशकात ती लिहून ठेवली. अँटिओकचे रिवाज हुबेहूब तेच होते असं समजू नये, पण हुद्दे बहुतेक तेच.

त्यातली घोड्यांची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. सरदार स्वतःच्या घोड्यानिशी चाकरीला येई. मार्शल जनावर तपासून त्याची नोंद करी. मोहिमेत घोडा मेला किंवा जायबंदी झाला तर धन्याने बदली घोडा किंवा किंमत द्यायची. याला ‘रेस्तोर’ म्हणत. जखमी घोडा मार्शलच्या हवाली करावा लागे. अट शहाणपणाची होती: आधी तपासणी नसेल तर घरूनच लंगडत आलेलं जनावर लढाईच्या खाती पडायचं, आणि जखमी घोडा मालकाकडेच राहिला तर एकाच घोड्यावर दोनदा भरपाई. घोडा नसलेला सरदार रणात पायदळाइतकाच, म्हणून हा खर्च धन्याला टाळताही येत नसे.

कॉन्स्टेबल फौज हाके, शिवाय भाडोत्री सैनिकांच्या थकलेल्या पगाराचे दावेही ऐके. सेनेशलकडे खजिना आणि किल्ल्यांची रसद. राज्याभिषेकाच्या मेजवानीत मात्र तो खरोखरच वाढप्यांचा मुकादम होई. राजाला पहिलं पक्वान्न ज्या भांड्यांतून वाढलं, ती भांडी अन्नासकट त्याची! राजाचा त्या दिवशीचा घोडा कॉन्स्टेबलला मिळे.

चान्सेलरच्या कचेरीत सनदा लॅटिनमध्ये लिहायच्या, म्हणून तिथे बहुधा पाद्रीच असे. अँटिओकच्या वॉल्टर या चान्सेलरने १११५ आणि १११९च्या युद्धांची हकिकत लिहून ठेवली आहे.

अँटिओकचा खरा वेगळेपणा ‘ड्यूक’ या पदात दिसतो. ९६९ ते १०८४ या काळात शहर बायझंटाइनांकडे, म्हणजे पूर्वेकडच्या ग्रीकभाषी रोमन साम्राज्याकडे, होतं आणि त्यांचा ड्यूक लष्करी सुभेदार असे. पुढे आलेल्या क्रुसेडरांनी हुद्दा ठेवला, तलवार काढून घेतली. त्यांचा ड्यूक शहराचा मुलकी कारभारी झाला. ग्रीक, आर्मेनियन आणि सिरियन रयत ज्या कारभाराला सरावली होती तो मोडण्यात फायदा नव्हता.

फौजेचं मोठं पद मिळालं म्हणून घरचा खर्च भागेलच असं नव्हतं. ११२०च्या दशकात कॉन्स्टेबल असलेल्या रेनो माझ्वारच्या घराण्याकडे समुद्रकाठचा मार्गाट किल्ला होता. शिबंदी आणि डागडुजी झेपेना, तेव्हा ११८६च्या सुमारास वारसाने किल्ला हॉस्पिटलर या लढवय्या ख्रिस्ती साधूंच्या पंथाला वार्षिक रकमेच्या बोलीवर देऊन टाकला. मग त्या पंथाने तो सुमारे शंभर वर्षं राखला, १२८५ मध्ये मामलुकांनी (इजिप्तच्या सुलतानांच्या फौजेने) घेईपर्यंत. खुद्द अँटिओक त्याआधीच, १२६८ मध्ये, पडलं होतं.