मायलिनचे वेटोळे आतून वाढते

चेतातंतूंभोवती असणारे मायलिनचे पांढरे, स्निग्ध आवरण नेमके कोठून येते, हा प्रश्न शरीरशास्त्रज्ञांना दीर्घकाळ पडलेला होता. १९५४ साली बेटी गेरेन यांनी कोंबडीच्या भ्रूणातील चेतातंतू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि हे आवरण म्हणजे शेजारच्या श्वान पेशीचे (श्वान या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आधारपेशीचे) तंतूभोवती अनेक वेढे घेतलेले पेशीपटलच आहे, असे दाखवून दिले. मायलिन हा पेशीने बाहेर स्रवलेला पदार्थ नव्हे. ते त्या जिवंत पेशीचेच अंग आहे.

हातापायांकडे जाणाऱ्या चेतांमध्ये हे काम श्वान पेशी करतात आणि एक पेशी एका तंतूचा एकच तुकडा झाकते. मेंदू आणि मेरुरज्जूत मात्र ते ऑलिगोडेंड्रोसाइट पेशींकडे असते. अशी एक पेशी आपले अनेक फाटे पसरून वेगवेगळ्या तंतूंवरचे कित्येक तुकडे एकाच वेळी सांभाळते. श्वान पेशींना किती जाड आवरण करायचे, हे तंतूच सांगतो. त्याच्या पृष्ठभागावर न्युरेग्युलिन हे प्रथिन जितके अधिक, तितके वेढे अधिक.

प्रत्यक्ष वेढे कसे पडतात, हा मला या विषयातील सर्वांत विलक्षण भाग वाटतो. जखमेवर पट्टी बांधताना प्रत्येक नवा वेढा जुन्याच्या वर येतो. मेंदूत याच्या अगदी उलट घडते. मिकाएल सिमोन्स यांच्या गटाने २०१४ साली उंदीर आणि झेब्रा मासा यांच्यावरील अभ्यासातून दाखवले, की पेशीपटलाची तंतूला चिकटलेली सर्वांत आतली कडा आधीच्या थरांखाली शिरत पुढे सरकते आणि त्याच वेळी प्रत्येक थर तंतूच्या लांबीच्या दिशेने दोन्ही बाजूंना पसरत जातो. म्हणजेच सर्वांत नवा थर तंतूला लागून असतो. पण ही वाढ इतक्या आत चालू असताना तिला सामग्री कशी पोहोचते? त्यासाठी थरांमध्ये पेशीद्रव्याचे अरुंद मार्ग काही काळ खुले राहतात.

वेढे पडले, तरी काम पूर्ण होत नाही. थरांमधले पेशीद्रव्य बाहेर ढकलले जाऊन थर एकमेकांना घट्ट चिकटले, तरच विद्युतरोधक आवरण तयार होते. मेंदूत हे काम ‘मायलिन बेसिक प्रोटीन’ करते. त्याचा धनभार पेशीपटलाच्या आतील बाजूवरच्या ऋणभारित मेदांना धरून ठेवतो. हे प्रथिन इतके चिकट, की पेशी ते केंद्रकाजवळ न बनवता त्याचा आरएनए (प्रथिन बनवण्याचा संदेश वाहणारा रेणू) फाट्यांच्या टोकापर्यंत नेते आणि प्रथिन तेथेच तयार करते. ज्या उंदरांमध्ये त्याचे जनुक सदोष असते, त्यांच्या मेंदूतील थर सैल राहतात आणि ते उंदीर हालचाल करताना थरथरतात.

मायलिनच्या दोन तुकड्यांमध्ये तंतू सुमारे एक मायक्रोमीटर उघडा राहतो. त्या जागेला रॅनव्हिएची गाठ म्हणतात. संदेश एका गाठीवरून पुढच्या गाठीवर नव्याने उसळत जातो. म्हणून आपल्या सर्वांत जलद तंतूंमध्ये त्याचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या पुढे जातो, तर मायलिनविरहित बारीक तंतूंमध्ये तो एक मीटरच्या आसपासच राहतो.

मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू आणि मेरुरज्जूतील हेच आवरण नष्ट करते. प्रौढ मेंदूतही ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वज पेशी असतात आणि त्या उघड्या पडलेल्या तंतूंवर नवे मायलिन चढवू शकतात, परंतु नवे आवरण बहुधा मूळच्यापेक्षा पातळ आणि त्याचे तुकडे आखूड असतात. दुरुस्त झालेले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली ओळखण्याची खूण हीच आहे.