लॉर्ड्स ऑफ वॉटरडीप : विकत घेण्यापूर्वी
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

‘लॉर्ड्स ऑफ वॉटरडीप’ या पटावरच्या खेळाच्या पेटीवरचे चित्र आणि नाव पाहून आमच्याकडे येणारे बरेच ग्राहक पहिला प्रश्न विचारतात तो असा, की यात राक्षसांशी लढाई आहे का. तशी लढाई या खेळात नाही. हा खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका वठवण्याच्या खेळाच्या फर्गॉटन रेल्म्स या काल्पनिक जगातील वॉटरडीप नावाच्या बंदर-शहरात घडतो. पीटर ली आणि रॉडनी थॉम्प्सन यांनी रचलेला हा खेळ विझर्ड्स ऑफ द कोस्टने २०१२ मध्ये प्रकाशित केला. आपण योद्धा नसून, मुखवट्याआडून शहराचा कारभार हाकणारे सरदार असतो. लढायला जाणारे वेगळेच असतात. आपण त्यांना फक्त गोळा करतो आणि पाठवतो. अपेक्षा आधीच एवढी दुरुस्त करून घेतली, तर पुढची निराशा टळते असा आमचा अनुभव आहे.

खेळ चालतो कसा

हा खेळ ज्या प्रकारात मोडतो त्याला वर्कर प्लेसमेंट म्हणतात. त्यात प्रत्येक खेळाडू आपल्या पाळीला एक प्यादे पटावरील एका घरात ठेवतो, त्या घराचा लाभ घेतो आणि फेरी संपेपर्यंत ते घर इतरांसाठी बंद होते. १९९८ च्या ‘कीडम’ या खेळात ही कल्पना दिसते, २००५ च्या ‘केलस’ने आणि २००७ च्या ‘अ‍ॅग्रिकोला’ने ती लोकप्रिय केली. ‘अ‍ॅग्रिकोला’त कुटुंबाला जेवू घालण्याची चिंता सतत मागे लागते. वॉटरडीपमध्ये तशी चिंता नाही, आणि म्हणूनच या प्रकारात पहिले पाऊल टाकणाऱ्यांना आम्ही बहुधा याच पेटीकडे वळवतो.

येथे प्याद्यांना एजंट म्हणतात. मैदानात एजंट ठेवला की दोन लढवय्ये मिळतात, खानावळीत दोन चोर मिळतात, परंतु जादूगार किंवा धर्मगुरू मिळवण्याच्या घरात एकच मिळतो. ही सारी माणसे रंगीत ठोकळ्यांच्या रूपात असतात; धर्मगुरूंचे पांढरे आणि जादूगारांचे जांभळे ठोकळे महाग का, याचे उत्तर पटावरच छापलेले आहे. हे ठोकळे आणि सोन्याची नाणी जमवून मोहिमेचे कार्ड पूर्ण करावयाचे असते; एका पाळीत, एजंट ठेवून झाल्यावर, फार तर एकच मोहीम पूर्ण करता येते. आठ फेऱ्या झाल्या की डाव संपतो. सुरुवातीला प्रत्येकाला गुप्तपणे एका सरदाराचे कार्ड मिळते. बहुतेक सरदार दोन ठरावीक प्रकारांच्या प्रत्येक पूर्ण मोहिमेमागे शेवटी ४ गुण देतात, तर एक सरदार मोहिमांकडे न पाहता आपण उभारलेल्या प्रत्येक इमारतीमागे ६ गुण देतो. इमारत म्हणजे पटावर नव्याने वाढलेले घर; ती बांधणाराला दुहेरी फायदा असतो, कारण दुसरा कोणी ती वापरू लागला की मालकालाही काहीतरी मिळते. भाडेकरू ठेवल्यासारखेच ते आहे, आणि आमच्या टेबलावर या भागाला सर्वाधिक दाद मिळते.

परीक्षा कशाची घ्यावी

आमच्या मते अशा खेळाची पारख चित्रांवरून किंवा पेटीच्या वजनावरून न करता, घर अडवले जाते तेव्हा काय होते यावरून करावी. यासाठी थोडे गणित करावे लागते. दोन खेळाडू असतील तर प्रत्येकाला ४ एजंट मिळतात, तिघांत ३, आणि चौघांत किंवा पाच जणांत प्रत्येकी २; पाचव्या फेरीपासून प्रत्येकाला आणखी एक एजंट मिळतो. म्हणजे दोघांच्या डावात प्रत्येकाच्या वाट्याला ३६ वेळा एजंट ठेवणे येते, तिघांत २८, तर चौघांत व पाच जणांत २०. इमारती नसताना पटावर १३ जागा असतात. पहिल्या चार फेऱ्यांत दोघांच्या आणि चौघांच्या डावात पटावर सारखेच, म्हणजे आठ एजंट उतरतात. तरीही दोन्ही डाव सारखे वाटत नाहीत, कारण चौघांत एखादे घर हुकले तर तुमची अर्धी फेरी वाया जाते, दोघांत मात्र पाव. ज्यांना नवऱ्या-बायकोतच खेळावयाचे आहे, त्यांना हा खेळ थोडा सैल वाटण्याची शक्यता आहे. पाच जणांत पाळीची वाट लांबते. तिघे किंवा चौघे असतील तर खरेदीबद्दल आम्ही निःशंक शिफारस करतो.

बंदराची तीन घरे वेगळी पाहावीत. तेथे एजंट ठेवला की कारस्थानाचे एक कार्ड खेळता येते, आणि फेरीच्या शेवटी तोच एजंट उचलून एखाद्या मोकळ्या घरात पुन्हा ठेवता येतो. याच कार्डांमध्ये सक्तीच्या मोहिमा असतात. अशी मोहीम दुसऱ्याच्या गळ्यात घातली, की तिचे किरकोळ गुण मिळवून ती संपवल्याशिवाय त्याला दुसरी कोणतीही मोहीम पूर्ण करता येत नाही. एका शनिवारी आमच्या टेबलावर आजोबा, त्यांची मुलगी आणि नातू खेळत होते. शेवटच्या फेरीत आजोबांच्या समोर मोठ्या मोहिमेचे ठोकळे रांगेत लावून तयार होते आणि नातवाने शांतपणे कार्ड सरकवले, “आजोबा, ही तुम्हाला.” आजोबा हसले, पण पुढच्या डावाला बसले नाहीत. ज्या घरात अशी कुरघोडी मनाला लागते, तेथे सर्वांच्या संमतीने ही कार्डे गठ्ठ्यातून काढून ठेवावीत. खेळाला त्याने फारशी बाधा येत नाही.

अद्भुताचा अंश किती

या बाबतीत आम्ही ग्राहकाला खोटी आशा लावीत नाही. मोहिमेच्या कार्डावर सुरेख चित्र आणि दोन ओळींची कथा असते, परंतु तिसऱ्या फेरीपर्यंत ती कोणी वाचत नाही. लढवय्यांना सगळे ‘केशरी’ म्हणू लागतात, आणि आमच्या एका नेहमीच्या ग्राहकाने जादूगारांचे नाव ‘वांगी’ ठेवले ते आता दुकानात रूढच झाले आहे. गुप्त सरदार आणि कारस्थाने एवढ्यापुरतेच ते काल्पनिक जग टिकून राहते. ज्यांना लढाईच हवी आहे त्यांनी २०१५ चा ‘चँपियन्स ऑफ मिडगार्ड’ पाहावा. त्यात गोळा केलेले योद्धे म्हणजे फासेच असतात आणि ते राक्षसांसमोर टाकावे लागतात, मरतातही. वनातील प्राण्यांचे नगर वसवणारा २०१८ चा ‘एव्हरडेल’ डोळ्यांना अधिक सुखावतो, पण त्यातील कार्डांची गुंतागुंत नवख्यांना जड जाते.

सर्व कार्डे इंग्रजीत आहेत आणि कारस्थानाची कार्डे हातात लपवून धरावयाची असल्यामुळे शेजाऱ्याकडून वाचून घेता येत नाहीत. पेटीवर वय १२ वर्षे व पुढे असे दिले आहे. इंग्रजी वाचनाची सवय असलेले दहा वर्षांचे मूल मोठ्यांसोबत सहज खेळते, असे आम्ही पाहिले आहे. ती सवय नसलेल्या मोठ्या माणसाला मात्र पहिले दोन डाव त्रासदायक जातात.

२०१३ मध्ये आलेल्या ‘स्काउंड्रल्स ऑफ स्कलपोर्ट’ या जोडपेटीमुळे सहावा खेळाडू बसू शकतो आणि भ्रष्टाचाराची कवटी-चिन्हे खेळात येतात. सगळे मिळून जितकी चिन्हे उचलतील, तितके शेवटी प्रत्येक चिन्हामागे कापले जाणारे गुण वाढतात. ही कल्पना उत्तम आहे, तरी मूळ खेळाचे निदान पाच डाव झाल्याशिवाय ती पेटी घेऊ नये.

भाड्याने नेताना

खरेदीपूर्वी पेटी तीन रात्रींसाठी भाड्याने मिळते आणि नंतर खेळ विकत घेतल्यास ते भाडे किमतीतून वजा केले जाते. आतील साच्यात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली आहे, परंतु आमच्याकडील पेटीचे झाकण घट्ट बसत नाही. दुचाकीवरून नेताना तिला रबरबँड लावावा आणि पेटी आडवीच धरावी. परत करताना चार रंगांचे प्रत्येकी २५ असे १०० ठोकळे, मोहिमांची ६०, कारस्थानांची ५० आणि सरदारांची ११ कार्डे काउंटरवर आपल्यासमोरच मोजली जातात. आतापर्यंत सर्वाधिक हरवलेली वस्तू पांढरा ठोकळा आहे, आणि तो बहुतेक वेळा सोफ्याच्या गादीखाली सापडतो.