पार्श्वभूमी : चार जागांच्या दोन जागा कशा झाल्या

अमेरिकेतील राज्यांची विधिमंडळे स्थानिक निवडणूक अधिकाऱ्यांच्या संघटनांचा गौरव करणारे ठराव अधूनमधून संमत करतात. अशा ठरावाने कोणाचा अधिकार वाढत नाही आणि कोणाला निधीही मिळत नाही. कायद्याच्या कलमात या संघटनांना नावानिशी मान्यता मिळाली ती 2002 मध्ये, केंद्राच्या पातळीवर. हा विषय समजून घ्यायचा तर त्या कलमापर्यंत जावे लागते.

त्याआधीची कहाणी लहान आहे. नगरपालिका क्लार्कांची, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या आणि बऱ्याच ठिकाणी निवडणूकही घेणाऱ्या अधिकाऱ्यांची, मोठी संघटना 1947 ची. पुढे कौंटी (जिल्ह्यासारखा विभाग) पातळीवरचे क्लार्क आणि नोंदणी अधिकाऱ्यांच्याही संघटना झाल्या. प्रशिक्षण आणि वार्षिक अधिवेशन हे त्यांचे मुख्य काम. 1990 मध्ये केंद्राने मतदान यंत्रांसाठी ऐच्छिक मानके काढली, पण यंत्रे त्या मानकांना उतरतात का हे तपासण्याची यंत्रणा मात्र उभी केली नाही. 1994 पासून ते काम राज्यांच्या निवडणूक संचालकांच्या संघटनेने अंगावर घेतले. चाचणीचे पैसे यंत्रे बनवणाऱ्या कंपन्याच प्रयोगशाळांना देत आणि अहवाल लोकांसमोर येत नसत. यावर झालेली टीका योग्यच होती. पण केंद्राने वाऱ्यावर सोडलेले काम एका बिनसरकारी संघटनेने बारा-तेरा वर्षे ओढले, हेही त्या टीकेसोबत सांगितले पाहिजे.

2000 ची अध्यक्षीय निवडणूक फ्लोरिडातील अवघ्या 537 मतांच्या फरकाने ठरली, त्यानंतर संसदेने हेल्प अमेरिका व्होट अ‍ॅक्ट केला. 29 ऑक्टोबर 2002 रोजी त्यावर स्वाक्षरी झाली. त्यातून चार सदस्यांचा केंद्रीय निवडणूक साहाय्य आयोग आला आणि त्याला सल्ला देणारी मंडळे आली. 110 सदस्यांच्या मानक मंडळात निम्मे, म्हणजे 55, स्थानिक अधिकारी. 37 सदस्यांच्या सल्लागार मंडळात 18 जागा नऊ संघटनांना, प्रत्येकी दोन. त्यांची नावे कायद्यातच लिहिलेली आहेत. कौंटी क्लार्क आणि नोंदणी अधिकाऱ्यांच्या दोन संघटना या यादीत होत्या, म्हणजे त्यांच्या वाट्याला चार जागा आल्या. यंत्रांची मानके या मंडळांकडे पाठवल्यावर 90 दिवस उलटल्याशिवाय आयोगाला त्यांवर अंतिम मतदान करता येत नाही. मंडळाला नकाराधिकार नाही, तरी आपले म्हणणे मांडायला कायद्याने राखून ठेवलेला वेळ ही लहान गोष्ट नव्हती.

वादाचा मुद्दा आहे तो संघटनांची नावे कायद्यात घालण्याचा. ‘कौंटी पातळीवर निवडणूक घेणाऱ्यांचे चार प्रतिनिधी’ असे वर्णन करूनही भागले असते. नावे घालण्याच्या बाजूने एक युक्तिवाद खराच भक्कम आहे. नुसते वर्णन ठेवले की प्रतिनिधी कोण हे दुसरे कोणीतरी ठरवणार, आणि सोयीची माणसे आत येणार. नाव असले की निवड संघटनेच्या हाती राहते. पण संघटना काही कायमच्या नसतात. 2010 च्या दशकाच्या मध्यावर या दोन संघटना एकत्र आल्या. कारभाराच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच होते. परिणाम असा की दोन नावांचे एक नाव झाले आणि चार जागांच्या दोन झाल्या. सल्लागार मंडळ 37 वरून 35 वर आले. काम करणारे क्लार्क कमी झाले नव्हते, त्यांची कामेही घटली नव्हती. जागा परत मिळवायच्या तर कायद्यात दुरुस्ती हवी, आणि हा कायदा पुन्हा उघडायची तयारी संसदेने दाखवलेली नाही.

मानक मंडळावर 55 स्थानिक अधिकारी आहेतच, मग बिघडले कुठे, असे काही जण विचारतात. त्या 55 जणांची निवड राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली होते, आणि हा अधिकारी बहुतेक राज्यांत स्वतः पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो. संघटनांच्या जागा त्याच्या हाताखालून जात नव्हत्या, म्हणूनच त्या मोलाच्या होत्या. राज्यांच्या या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांची संघटनाही सल्लागार मंडळावर आहे. तिने फेब्रुवारी 2005 मध्येच 2006 च्या निवडणुकीनंतर आयोग चालू ठेवू नये असा ठराव केला होता. डिसेंबर 2011 मध्ये प्रतिनिधीगृहाने आयोग बंद करणारे विधेयक मंजूर केले, ते सिनेटमध्ये अडले. त्याच महिन्यात आयोगात एकही सदस्य उरला नाही, आणि नवे सदस्य यायला 2015 उजाडले.

यानंतरच्या घटनांचा वेग मोठा आहे. जानेवारी 2017 मध्ये निवडणूक यंत्रणेला अत्यावश्यक पायाभूत सुविधेचा दर्जा मिळाला. राज्यांच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संघटनेचा त्याला विरोध होता, तरी त्याच वर्षी नेमलेल्या समन्वय परिषदेत स्थानिक अधिकाऱ्यांना स्थान मिळाले. 2020 च्या महामारीत संसदेने 40 कोटी डॉलर दिले, ते पुरले नाहीत, आणि खासगी देणग्यांतून सुमारे 35 कोटी डॉलर जवळपास अडीच हजार कार्यालयांपर्यंत पोचले. त्यावर गदारोळ झाला आणि वीसहून अधिक राज्यांनी अशा देणग्यांवर बंदी किंवा मर्यादा घातली. विस्कॉन्सिनमध्ये तर एप्रिल 2024 मध्ये मतदारांनी ती बंदी राज्यघटनेतच घातली. खासगी पैशाबद्दलची शंका रास्त आहे. पण देणगीचे दार बंद करताना सरकारी निधीचे दार उघडावे, एवढी साधी अपेक्षा बहुतेक ठिकाणी पुरी झाली नाही. 2021 मध्ये क्लार्कांना येणाऱ्या धमक्यांसाठी केंद्राला खास तपास पथक नेमावे लागले.

फेब्रुवारी 2025 मध्ये गृहसुरक्षा खात्याने सायबर धोक्यांची माहिती स्थानिक कार्यालयांपर्यंत पोचवणाऱ्या निवडणूक जाळ्याचा निधी थांबवला. मंडळांना म्हणणे मांडायला 90 दिवस देण्याचे बंधन आयोगावर आहे, तेही मानकांपुरतेच. गृहसुरक्षा खात्याला ते लागू नव्हते.