पॅकिंग लाइनच्या वीजबचतीसाठी व्याजसवलत : ‘अदिती’ योजनेची पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाची ‘अदिती’ योजना १५ जुलै २०२५ रोजी पानिपत येथे सुरू झाली असून तिची अंमलबजावणी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे बीईई, करते. ऊर्जा वाचवणाऱ्या यंत्रसामग्रीसाठी घेतलेल्या कर्जावर सूक्ष्म व लघु उद्योगांना ५ टक्के, तर मध्यम उद्योगांना ३ टक्के व्याजसवलत मिळते. २०२५-२६ ते २०२७-२८ या काळासाठी योजनेला १००० कोटी रुपयांची तरतूद आहे.

अर्जदाराकडे उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, असली पाहिजे, उद्योग ठरवून दिलेल्या १४ क्षेत्रांपैकी एकात मोडला पाहिजे आणि नव्या यंत्रणेमुळे किमान १० टक्के ऊर्जाबचत दिसली पाहिजे. या क्षेत्रांत पॅकेजिंग असे वेगळे नाव नाही. मात्र अन्नप्रक्रिया आणि औषधनिर्माण ही दोन्ही आहेत, त्यामुळे फरसाणाची पाऊच भरणारी लाइन किंवा गोळ्या पट्टीत बंद करणारे ब्लिस्टर मशीन असलेल्या कारखान्याने आपल्या मूळ क्षेत्रातूनच अर्ज करावा. पहिल्या टप्प्यात ६० औद्योगिक समूह घेतलेले असल्याने आपली वसाहत त्यात येते का, हे आधी पाहावे.

नोंदणी बीईईच्या योजना पोर्टलवर होते. त्यानंतर ऊर्जा लेखापरीक्षण, म्हणजे वीज व इंधन कुठे किती लागते याची मोजणी, सविस्तर प्रकल्प अहवाल, बँकेचे कर्ज, यंत्रणेची उभारणी आणि शेवटी प्रत्यक्ष बचतीची पडताळणी, असा क्रम आहे. परीक्षण होण्याआधी यंत्राची ऑर्डर देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन; जुन्या वापराची मोजणीच झाली नसेल, तर १० टक्के बचत कशाच्या तुलनेत दाखवणार?

पॅकिंग विभागात ही मोजणी बहुधा मशीनना दाबाची हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरपासून सुरू करावी लागते. सुट्टीच्या दिवशी सर्व मशीन बंद ठेवून कॉम्प्रेसर चालू करावा आणि तो किती वेळ लोड (हवा भरत) व किती वेळ अनलोड (हवा न भरता नुसता फिरत) राहतो, हे घड्याळ लावून टिपावे. दोन मिनिटे लोड आणि सहा मिनिटे अनलोड, असे चक्र आढळले, तर आठपैकी दोन मिनिटे, म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेची २५ टक्के हवा गळतीत जात आहे. पाऊच मशीनच्या सिलिंडरला जाणाऱ्या नळ्या आणि त्यांचे जोड तेव्हा साबणाच्या पाण्याने तपासावेत. लाइनला जेवढा लागतो त्याहून जास्त हवेचा दाब ठेवला असेल, तर तो एक बारने (बार हे दाबाचे एकक) उतरवल्यास कॉम्प्रेसरची वीज सुमारे ६ ते १० टक्के वाचते आणि त्यासाठी कर्जाची गरजही नसते. कर्ज घ्यायचे ते व्हीएफडी (गरजेनुसार मोटरचा वेग बदलणारे उपकरण) असलेला कॉम्प्रेसर, सर्व्हो ड्राइव्ह (मोटरची हालचाल अचूक नियंत्रित करणारी यंत्रणा) किंवा चांगले उष्णतारोधन असलेला श्रिंक टनेल (गरम हवेने वेष्टन आवळून बसवणारे यंत्र) यांसारख्या मोठ्या बदलांसाठी.

उद्यम प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी नोंदणी, किमान बारा महिन्यांची वीजबिले, त्याच महिन्यांची उत्पादन नोंदवही, मोटरच्या नेमप्लेटचे तपशील, पुरवठादारांची कोटेशन्स आणि बँकेला लागणारे ताळेबंद एकत्र तयार ठेवावेत. यांपैकी उत्पादन नोंदवहीकडे सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण हंगामात माल वाढला की बिलही वाढते आणि दर हजार पाऊचमागे किती युनिट लागले, हे दाखवता आले तरच खरी बचत पडताळणीत सिद्ध होते.